निकाह झाला होता, रुखसती बाकी होती

माझ्या स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्यावर चिठ्ठी आहे. ज्वारीचं पीठ, शेंगाचं कूट, गरम मसाला, आणि खाली बारीक अक्षरात तो डबा कधी भरला त्याची तारीख. ही माझ्या भाचीची कारागिरी. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. पहिल्यांदा चिठ्ठ्या चिकटवल्या तेव्हा मी म्हटलं, "अगं, चाळीस वर्षं मी न बघता या डब्यांत हात घालतेय. मला कशाला पाहिजेत चिठ्ठ्या?" तर म्हणाली, "तुम्हाला कळतं, खाला. तुम्ही घरात नसताना मला कळायला नको?"

तिचं लॅबमधलं सगळं काम चिठ्ठीवरच चालतं. नळीत रक्त घेतलं की तिथल्या तिथं, त्या माणसासमोर, त्याच्या तोंडून नाव ऐकून नळीवर लिहायचं. मागाहून लिहू, असं नाही. मी एकदा साखर तपासायला गेले तर मलाही म्हणाली, "नाव सांगा." मी म्हटलं, "सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन आलीस आणि आता नाव विचारतेस?" बाकड्यावरची सगळी माणसं हसली. तीही हसली, पण नाव माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय तिनं पेन काही टेकवलं नाही.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं मुंबईत जे झालं ते या सवयीतूनच झालं, असं मला वाटतं. आणखी एक सांगते. आमच्या घरात बोलणं दखनीत. पण मी शाळा शिकले ती चौथीपर्यंत आणि मराठीत, त्यामुळं लिहायला बसले की हात मराठीतच चालतो. तेव्हा आमची माणसं इथं मराठीत बोलताना दिसतील, ती मी बोलायला लावलीत असं समजा.

तर हिची अम्मी, म्हणजे माझी धाकटी बहीण, अमेरिकेत शिकागोजवळ राहते. तिच्या थोरल्या दिरानं तिकडून भावासाठी अर्ज केला होता, भावाबरोबर त्याची बायकोपोरं येतात अशा बेतानं. तो अर्ज केला तेव्हा ही पोर तिसरीत होती. नंबर लागला तेव्हा बी.एस्सी. होऊन बसली होती. नियम असा की आईबापाबरोबर जायचं तर मूल एकवीसच्या आतलं पाहिजे. अर्ज तपासायला जितके दिवस लागले तितके वयातून वजा करतात म्हणे, तेही करून बघितलं. तरी हिचे पाच महिने जास्त भरले. पाच महिने! धाकटा भाऊ गेला, अम्मी-अब्बा गेले, आणि ही एक पेटी घेऊन शुक्रवार पेठेत, पुण्याच्या नव्हे, आमच्या गावच्या, माझ्या घरी आली. माझे मालक आधीच अल्लाच्या घरी गेलेले, लेकी सासरी. मला सोबत झाली, हे मी तेव्हा तोंडानं बोलले नाही, पण मनात आलंच.

बहिणीनं तिकडं पाय ठेवल्या ठेवल्या हिच्यासाठी वेगळा अर्ज टाकला. 'लग्न न झालेली मोठी मुलगी' अशी एक रांग असते तिथं. त्या रांगेची एक अट आमच्या सगळ्या खानदानाला पाठ होती. मुलीनं लग्न केलं की फाईल बंद. संपलं. अम्मीकडं जायचा रस्ता बंद.

त्या अटीनं पोरीची नऊ वर्षं घेतली. पहिली दोन-तीन वर्षं पैगाम, म्हणजे मागण्या, यायचे. आम्ही म्हणायचो, पोरीचं अमेरिकेचं चाललंय, अजून नाही. मग पैगाम यायचे थांबले. मग बायकांनी विचारायचं पण थांबवलं, आणि ते जास्त लागायचं. लग्नाच्या दावतीत माझ्या शेजारी बसून ही बिर्याणी खायची आणि वधूच्या हाताची मेंदी बघून म्हणायची, "रंग छान चढलाय." इतकंच. कधी तिनं माझ्यासमोर अम्मीला बोल लावला नाही की त्या अमेरिकेला. रोज सकाळी व्हिडिओ लावून अम्मीला काल काय जेवले ते सांगायची. अम्मी तिकडं रात्रीचं जेवण करत असायची. दोघी दोन टोकांना जेवायच्या, आणि मध्ये मी चहा गाळत उभी.

मग एक माणूस आला. ट्रकच्या बॉडीवर रंगकाम करणारा. तुम्ही हमरस्त्यावर ट्रकच्या मागं मोर, कमळ, गुलाबाची फुलं बघता ना, ती काढणारा. आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडं राहतो. आईबाप लहानपणीच गेले, दादीनं वाढवला. त्या दादीचं रक्त दर पंधरा दिवसांनी तपासायला लागायचं, आणि दादीला चालवत नाही म्हणून माझी भाची त्यांच्या घरी जाऊन रक्त घ्यायची. दादीनं पहिल्याच दिवशी हिला विचारलं होतं, "नळीवर काय लिहितेस?" "तुमचं नाव." "वय पण लिहितेस?" "हो." "मग दहा वर्षं कमी लिही." तिथून त्या दोघींचं जमलं. नातवाचं नंतर जमलं.

त्याला सगळं सांगितलं होतं हिनं. अर्ज, रांग, अट. तो म्हणाला, "थांबतो की. रंग वाळायला पण थांबावंच लागतं." असा माणूस.

तर रांगेचं नववं वर्ष चालू असताना दादीला एकदम जास्त झालं. छातीत पाणी. दवाखान्यातून घरी आणली ती 'आता घरीच ठेवा' म्हणून. दादीनं नातवाचा हात धरला आणि एकच धोशा लावला, निकाह बघू दे, मग मी जाते. आता काय करायचं? बहिणीला फोन, बहिणीच्या मालकाला फोन, काझीसाहेबांना विचारणं. आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून तो तोडगा काढला. आमच्यात असं चालतं की निकाह आधी पढून ठेवायचा आणि रुखसती, म्हणजे मुलीची पाठवणी, सावकाश वर्षा-दोन वर्षांनी करायची. मधल्या काळात मुलगी आईबापाच्या घरीच राहते. रुखसती झाली, वलीमा झाला, गावानं जेवण जेवलं, की मग लोक म्हणतात लग्न झालं. तोवर विचारलं तर 'अजून व्हायचंय' असंच सांगतात. तेव्हा आम्ही म्हटलं, निकाह करून टाकू, दादीचं मन राहील. रुखसती व्हिसानंतर. म्हणजे लग्न नाहीच झालेलं!

हे वाक्य कुणी काढलं? मीच. मी थोरली, माझ्या तोंडून निघालं म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. पोरगी तेवढी गप्प होती. मला वाटलं लाजतेय.

निकाह दादीच्या खाटेशेजारी झाला. पोरीला आतल्या खोलीत बसवलं होतं, मी तिचा हात धरून. मुलीचा होकार घेणारा, ज्याला आमच्यात वकील म्हणतात तो, आणि दोन गवाह आत आले, तीनदा विचारलं, तीनदा तिनं कबूल म्हटलं, सही केली. मग मी बाहेर आले तर शिकागोहून बहीण व्हिडिओवर. तिचं तोंड दिसेना, मागं काहीतरी चमकत होतं. मी म्हटलं, "जरा सरक की बाजूला, मागच्या काचेवर दिवा पडतोय." ती सरकली, डोळे पुसले. आणि दादी? दादी खजूर खाऊन जी उठून बसली ती आजतागायत बसलेली आहे. दर आठवड्याला निरोप, "नातसुनेला कधी पाठवताय? माझं वय होत चाललंय."

निकाहाला तीन महिने झाले आणि मुलाखतीचं पत्र आलं. मुंबईची वकिलात, सकाळची वेळ, हे हे कागद. फॉर्म आधीच भरून गेला होता, निकाहाच्या कितीतरी आधी, त्यात 'अविवाहित' लिहिलं होतं, आणि तेव्हा ते खरंच होतं. आता प्रश्न हा की खिडकीवर विचारलं तर काय सांगायचं.

बहिणीच्या मालकाचा फोन आला. स्पीकरवर टाकला. "विचारणारच नाहीत. आणि विचारलं तर नाही म्हणायचं. रुखसती कुठं झालीय? आपा, तुम्ही समजावा तिला."

मी समजावलं. अल्ला माफ करो, चांगलं तासभर समजावलं. म्हटलं, तू अजून माझ्या घरात राहतेस, माझ्या चुलीवरचं खातेस, मग तू कुठली लग्नाची? ती चादरीची घडी घालत होती, घालत राहिली. फक्त म्हणाली, "खाला, बॅग किती किलोची चालते?"

बॅग आम्ही वाण्याच्या काट्यावर नेऊन तोलली. त्यात अम्मीसाठी शेंगाची चटणी, कडक भाकरी, भावासाठी कुर्ता. व्हिसा अजून हातात नव्हता, पण बॅग भरायची घाई मलाच. आणि तो पेंटर संध्याकाळी येऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत येत नाही तो, रुखसतीच्या आधी. हाताला हिरवा रंग लागलेला. म्हणाला, "तुला जे खरं वाटतं ते सांग. मी काय पळून जात नाही. माझी गल्ली तीच." मला राग आला त्याचा. म्हटलं, हा पोरगा काम बिघडवणार.

मुंबईला आम्ही दोघी आदल्या दिवशी पोचलो. मेडिकल करायचं होतं. तिथं नर्सनं हिचं रक्त घेतलं आणि नळी ट्रेमध्ये तशीच ठेवून दुसऱ्याकडं वळली. ही म्हणते, "ताई, आधी माझं लेबल लावा." ती नर्स जरा चिडली, मग विचारलं, "लॅबमधल्या का?" "हो." "मग बरोबर आहे तुमचं." अशी ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलातीसमोर तिला सोडलं. मला आत जाऊ देईनात. समोरच्या फुटपाथवर माझ्यासारखी बरीच माणसं बसलेली. एक गुजराती आजोबा नातवासाठी आले होते, त्यांनी मला तिथला कायदा सांगितला. "बेन, बाहेर येताना हातात पासपोर्ट आहे का ते बघायचं. पासपोर्ट आत ठेवून घेतला तर व्हिसा झाला. हातात असला तर नाही झाला." बस, मग मी दरवाजाकडं नाही, येणाऱ्याच्या हातांकडं बघत बसले. एक जोडपं रिकाम्या हातानं आलं, नाचतच आलं. एक माणूस पासपोर्ट घेऊन आला, त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. मी कुराणातले सुरे पढत होते. दोन तास झाले.

मग ती आली. ओढणी नीट, चाल नीट. हातात पासपोर्ट, आणि त्यावर एक रंगीत कागद.

"काय झालं?"

"चहा घेऊया, खाला."

"चहा गेला खड्ड्यात. काय झालं ते बोल."

तिनं मला भिंतीला टेकवून बसवलं आणि सांगितलं. आत खिडकीपाशी आधी हात वर करून शपथ घ्यायला लावली, जे सांगेन ते खरं सांगेन म्हणून. पलीकडं एक अधिकारी बाई. त्यांनी कागद चाळले, दोन-चार प्रश्न विचारले, आणि मग अगदी सहज विचारलं, फॉर्मवर अविवाहित आहे, अजून तसंच ना?

"आणि तू?"

"मी म्हटलं, फॉर्म भरला तेव्हा होते. त्यानंतर माझा निकाह झाला. रुखसती नाही झाली, मी खालाच्या घरी राहते. पण निकाहनाम्यावर माझी सही आहे."

मी काय बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "एवढंसं 'नाही' तुझ्या तोंडून निघालं नाही? नऊ वर्षं तुझ्या अम्मीनं वाट बघितली, आणि तुला एक शब्द जड झाला?" आजोबा दुसरीकडं बघायला लागले.

ती चिडली नाही. मला विचारते, "खाला, ते तीनदा विचारायला आत आले तेव्हा माझा हात कुणाच्या हातात होता?"

"माझ्या."

"मी काय म्हटलं होतं?"

"कबूल."

"मग आता दुसऱ्या खिडकीवर दुसरं कसं सांगू? नमुना एकच आहे ना?"

तिनं हे इतकं साधं म्हटलं, जसं डब्यावरच्या चिठ्ठीचं म्हटलं होतं. मला तिथं फुटपाथवर बसून पहिल्यांदा कळलं की निकाहाच्या दिवशी ती लाजून गप्प नव्हती. ती तेव्हाच समजून चुकली होती की आज आपलं लग्न झालं. आम्ही सगळे मोठे रुखसतीच्या आडून त्या गोष्टीला लग्न म्हणत नव्हतो, आणि जिचं लग्न होतं तिला एकटीला ठाऊक होतं. तरी दादीसाठी, त्या माणसासाठी तिनं ते केलं होतं, पुढं काय सांगायला लागेल ते कळून.

पण गोष्ट इथं संपली नव्हती. त्या अधिकारी बाईंनी आणखी एक विचारलं होतं. आईला तिकडचं नागरिकत्व कधी मिळालं? निकाहाच्या आधी की नंतर? कारण आई नुसती ग्रीन कार्डवाली असताना मुलीनं लग्न केलं तर फाईल बंद, आम्हाला पाठ होतं तसंच. पण आई आधी नागरिक झाली असेल आणि मुलीचं लग्न नंतर झालं असेल, तर फाईल मरत नाही. ती लग्न झालेल्या मुलींच्या रांगेत जाते, अर्जाची जुनी तारीख धरून. रांग लांब आहे, कितीतरी वर्षं जास्त, पण रांग आहे. आणि त्या रांगेत नवऱ्यालाही बरोबर नेता येतं. हा दुसरा अर्धा नियम आमच्या खानदानात कुणालाच माहीत नव्हता.

"मग तू काय सांगितलंस? आधी म्हणायचं की!"

"मला खात्री नव्हती. दोन्ही त्याच महिन्यात झालं. दादीच्या धावपळीत अम्मीच्या नागरिकत्वाच्या शपथेचा दिवस कुठला ते मला आठवेना. बाई म्हणाल्या, अंदाजे सांगा. मी म्हटलं, अंदाजे नको, कागद बघून कळवते."

अंदाजे नको! सगळं आयुष्य त्या एका उत्तरावर टांगलेलं, आणि ही म्हणते अंदाजे नको. पण बाईंनी मान हलवली म्हणे, आणि हा रंगीत कागद दिला. निकाहनामा आणि आईचं प्रमाणपत्र, दोन्ही पाठवा, मग ठरवू.

शिकागोला फोन लावला. तिकडं रात्र. बहीण पहाटेच्या पाळीला जाते, फोन बंद करून झोपते. तिचा मालकही उचलेना. पाच-सहा तास नुसती वाट बघायची. आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. मी बोटांवर मोजत होते, दादी आजारी कधी पडली, बहिणीची परीक्षा कधी झाली, पेढे कधी वाटले. आता माझी ही बहीण सातवी पास. इंग्रजीच्या भीतीनं तिनं नागरिकत्वाची परीक्षा किती दिवस पुढं ढकलली होती, आणि मग कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत प्रश्नोत्तरं पाठ करून पास झाली होती. तीही काही कमी नाही. पण झाली कधी?

चहा निवला. आणि एकदम मला ती चमक आठवली.

"पोरी, निकाहाच्या दिवशी तुझी अम्मी व्हिडिओवर होती. मी तिला सरक म्हटलं, मागच्या काचेवर दिवा पडतोय म्हणून. तू आत होतीस, तुला दिसलं नसेल. ती सरकली तेव्हा मागं भिंतीवर फ्रेम होती. तिचा फोटो होता त्यात, खाली सही, निळसर कागद. मी नंतर विचारलं तर म्हणाली, आपा, हीच ती माझी सनद."

तिनं लगेच विचारलं, "नक्की? निकाहाच्याच दिवशी? आधीच्या कुठल्या फोनला नाही?"

"नक्की. तुझ्या अम्मीच्या डोक्यावर तो मोतिया दुपट्टा होता, निकाहासाठी काढलेला."

तिचे डोळे भरून आले, एवढ्या वेळात पहिल्यांदा. आणि तेवढ्यातही काय म्हणाली? "तरी तारीख बघू या, खाला. फ्रेमवरून रिपोर्ट देता येत नाही."

परतीच्या गाडीत पुण्याच्या पुढं फोन लागला. आधी तिच्या अब्बांनी घेतला. ते ओरडले ते शेजारच्या बर्थपर्यंत ऐकू गेलं. "एका शब्दासाठी! तुला सांगून ठेवलं होतं ना?" ही म्हणाली, "अब्बा, बोला, मी ऐकतेय. पण आधी अम्मीला भिंतीवरची फ्रेम काढायला सांगा." मग खुडबुड ऐकू आली, खिळ्यावरून काही निघाल्याची. मग बहिणीचा आवाज, चष्मा शोधत, एकेक आकडा वाचत. हिनं माझ्या पाठीवर वही ठेवून तारीख लिहिली. खाली निकाहाची लिहिली. मधलं अंतर आठ दिवसांचं.

"आधी आहे, अम्मी. तू आठ दिवस आधी नागरिक झालीस."

तिकडं फ्रेम टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग बहीण म्हणाली, "म्हणजे फाईल जिवंत आहे?"

"जिवंत आहे. फक्त मी दुसऱ्या रांगेत."

"किती वर्षांच्या?"

हिनं तेही खरंच सांगितलं, की आणखी बरीच वर्षं, नेमकी किती ते कुणीच सांगू शकत नाही. बहीण रडायला लागली. मग तिच्या मालकानं फोन घेतला, आणि आवाज एकदम वेगळा. "बेटा, जेवलीस का?" त्या माणसाला राग आला की तो ओरडतो, आणि वाईट वाटलं की जेवणाचं विचारतो. नंतर कागद पाठवायच्या वेळी त्यांनीच तिकडं सुट्टी काढून प्रमाणपत्राच्या नकला केल्या. इथं आम्ही निकाहनाम्याचं इंग्रजी करून घेतलं, लग्नाची नोंदणी केली. नोंदणीच्या कचेरीतल्या बाईंनी विचारलं, "लग्न कधी झालं?" मी काही बोलायच्या आत हिनं निकाहाची तारीख सांगितली.

दोन-अडीच महिन्यांनी ईमेल आली. हिनं ती लॅबमध्ये वाचली, संध्याकाळी येऊन मला वाचून दाखवली. अर्ज आता नागरिकाच्या विवाहित मुलीच्या वर्गात बदलला आहे, जुनी तारीख कायम, नंबर आला की कळवू. आज जायचं होतं ते आता कधीतरी जायचं झालं. बॅग माझ्या कपाटावर तशीच होती.

मी म्हटलं, "आता रुखसतीला कशाची वाट बघायची?"

म्हणाली, "अम्मीची."

आणि आली की ती! लेक तिकडं जाऊ शकली नाही तर तीच इकडं आली, त्या थंडीत, दीड महिन्याची सुट्टी घेऊन. येताना ती फ्रेम पिशवीत घालून आणली होती. मी म्हटलं, "ही कशाला?" तर म्हणाली, "हिनं माझ्या पोरीला वाचवलं. हिला बघू दे रुखसती." कपाटावरची बॅग आम्ही खाली काढली. चटणी खवट झाली होती, टाकली, नवी कुटली. अम्मीनं भाकरीबरोबर इथंच माझ्या स्वयंपाकघरात बसून खाल्ली आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. "सगळ्यांवर तारीख घालते का गं ही?" मी म्हटलं, "सगळ्यांवर."

रुखसतीच्या दिवशी पेंटरानं आपल्या ओळखीचा टेम्पो आणला होता. मागच्या फळीवर रात्रंदिवस खपून दोन मोर काढलेले, आणि रंग अजून ओला! दादी पुढच्या सीटवर बसून सगळ्यांना दम देत होती, "हात लावू नका, हात लावू नका." अमेरिकेसाठी तोललेली ती बॅग त्या टेम्पोतून तीन गल्ल्या पलीकडं गेली. माझी बहीण दारात उभी राहून रडली ते नऊ वर्षांचं सगळं रडली. पण लेकीला पाठवायला आई दारात होती. मुंबईच्या खिडकीवर तो एक शब्द उलटा पडला असता तर कदाचित लेक शिकागोला असती, आणि तो माणूस उंबऱ्याबाहेर उभा. आणि कधी ते उघडकीला आलं असतं तर दोघांनाही कायमचं दार बंद. हे मला नंतर समजलं. तिनं मात्र यातलं काही मोजून ते सांगितलं नव्हतं.

आता दर महिन्याला तिकडून एक पत्रक निघतं, कुठल्या रांगेचा नंबर कुठल्या तारखेपर्यंत आला ते त्यात असतं. ते निघालं की ही रविवारी माझ्याकडं येते. येताना कधी दादीची काही फर्माईश असते, कधी नवऱ्याच्या रंगाचा डाग ओढणीला. मोबाईल उघडते, खाली सरकवत सरकवत आपल्या रांगेपाशी थांबते.

"काय म्हणतंय?"

"या महिन्यात दोन आठवडे पुढं सरकलंय, खाला."

आणि कधी म्हणते, "हललीच नाही."

सरकली तर आम्ही शिकागोला फोन लावतो. नाही सरकली तरी लावतो. तोवर मी कुकर चढवलेला असतो. ती उठून डबे बघते, ज्याच्यावरची तारीख जुनी झाली ती चिठ्ठी काढते, आणि नवी लावते.